उघड्या पत्र्याचा रुबाब

शर्यतीच्या बैलाला कुणी झूल घालून पळवतं का, असं मी अनेकांना ऐकवलेलं आहे. कमी पैशात रेसची गाडी बांधायला घेतलेली पोरं माझ्याकडे सल्ल्याला यायची. दाराला आतून काय लावायचं, डॅशबोर्डचं काय करायचं असं विचारू लागली, की माझं हे ठरलेलं वाक्य. त्याच्या मागून हिशेब: आतल्या पत्र्यांवर घालणार तो पैसा टायरवर घाल, ब्रेक पॅडवर घाल, रोल केजच्या पाइपावर घाल. पोरं मान डोलवायची आणि दारं उघडी ठेवायची. आज तोच प्रश्न कुणी घेऊन आला तर मी त्याला चहा पाजतो आणि बरोबर उलटं सांगतो. जुनं मत मी बऱ्याच मोठ्या आवाजात पसरवलंय, म्हणून नवं मतही जरा सविस्तर सांगायला हवं.

माझी शिरोलीत प्रेस पार्ट्सची शेड आहे. पत्रा कापणं, वाकवणं, त्याला भोकं पाडणं यावर घर चालतं. त्यामुळे पत्र्याचा तिटकारा म्हणून मी असं बोलत होतो, असं नाही. पत्रा रोज हाताखाली असल्यानं त्याचं वजन मला पाठ होतं, आणि रेसच्या गाडीत वजन म्हणजे वैरी, एवढं एकच गणित डोक्यात पक्कं बसलं होतं. शेतीपंपाची ऑइल इंजिनं बनवून मोठं झालेलं आमचं गाव कोल्हापूर. इथल्या उद्यमनगरात ‘होणार नाही’ असं कुणी म्हणत नाही, ‘किती दिवसांत पायजे’ एवढंच विचारतात. अशा गावात गाडीचा नाद असलेल्या पोरांना तोटा नाही, आणि त्या पोरांकडे पैसा नाही, हेही ओघानं आलंच.

स्वस्तातल्या रेसगाडीची आपल्या देशातली परंपरा तशी चांगली आहे. कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीला मारुती ८०० चं इंजिन घालून फॉर्म्युला मारुती उभी केली. परदेशी गाडी स्वप्नातही परवडली नसती अशा मुलांना त्यामुळे उघड्या चाकांची, एकआसनी रेसगाडी चालवायला मिळाली. पुढे फॉर्म्युला वनपर्यंत पोहोचलेला नारायण कार्तिकेयनही सुरुवातीला याच गाडीत बसला होता. करिवर्धन १९९५ मध्ये विमान अपघातात गेले. कोइमतूरजवळ चेट्टिपाळयमचा ट्रॅक त्यांच्या नावानं २००३ पासून चालू आहे. एकआसनी गाडीत आत-बाहेर असा भेदच नसतो. चालक पाइपांच्या सापळ्यात आडवा बसतो आणि भोवती एक कवच. आमच्यासारख्यांची गाडी मात्र चार दारांची, घरगुती जन्माची. तिचा आतला भाग काढून टाकावा लागतो, आणि काढल्यावर जे उरतं त्याचं काय करायचं हा प्रश्न तिथे पडतो.

आमची गाडी म्हणजे मारुती एस्टीम. १९९४ ला बाजारात आली, तेराशे सीसीचं इंजिन, नंतरच्या एमपीएफआय मॉडेलची ताकद ८५ बीएचपी आणि वजन नऊशे किलोच्या आत. उत्पादन बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी सुटे भाग मिळतात, आणि तिचं इंजिन उतरवता न येणारा मिस्त्री शोधावा लागेल. भारतातल्या ट्रॅकवर ती वर्षानुवर्षं पळाली ती याच कारणांनी. माझ्या भाच्यानं घेतली ती एका निवृत्त मास्तरांची होती. सीटवर टर्किश टॉवेल, मागच्या काचेजवळ नॅपकिनचा डबा. ते सगळं उतरवलं. सीट गेल्या, गालिचा गेला, छताचं अस्तर गेलं, दाराची पॅडं गेली. फरशीला चिकटलेले आवाज दाबायचे डांबरी पट्टे उरले होते. ते काढायला आम्ही ड्राय आइस आणला. लग्नात नवरानवरीच्या एन्ट्रीला जमिनीवरून पांढरा धूर सोडतात ना, तोच. उणे अठ्ठ्याहत्तर अंशांचा तो बर्फ पट्ट्यावर थोडा वेळ ठेवला की डांबर काचेसारखं ठिसूळ होतं आणि हातोडीच्या टिचकीनं कपच्या उडतात. मला हे काम मनापासून आवडतं. एकेक कपची उडते तशी गाडी हलकी होत जाते आणि खालचा कारखान्यातला मूळ रंग वर येतो.

इथपर्यंत आलं की माझ्या मते गाडी आतून तयार असायची. केज वेल्ड करा, सीट आणि सहा टोकांचे बेल्ट बसवा, वायरी केबल टायनं केजला बांधा, चला.

भाच्याला ते पटत नव्हतं. “मामा, निदान दारांना तरी पत्रा मारूया की.” मी नेहमीचं वाक्य ऐकवलं. तो गप्प बसला आणि दोन दिवसांनी मोबाइलवर नियमावली उघडून माझ्यासमोर धरली. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या अपेंडिक्स जे नावाच्या जाडजूड नियमांत बांधलेल्या सलून गाड्यांसाठी दाराच्या आतल्या बाजूबद्दल एक कलम आहे. मूळ पॅड काढायचं असेल तर त्याच्या जागी धातूचा पत्रा किमान अर्धा मिलिमीटर जाडीचा हवा, कार्बन फायबर असेल तर किमान एक मिलिमीटर, आणि दुसरं काही घन, न जळणारं साहित्य असेल तर किमान दोन मिलिमीटर. हे कलम मी आधीही वाचलेलं होतं. तेव्हा ती मला कागदी कटकट वाटली होती, आणि ज्या लहानसहान स्पर्धांना आमची पोरं जातात तिथे त्याकडे कुणी डोळे वटारून बघत नाही हेही ठाऊक होतं. पण त्या दिवशी भाच्यानं एक साधा प्रश्न विचारला. अर्धा मिलिमीटर पत्र्यानं अपघातात काय अडणार आहे? काहीच नाही. मग तो का मागतात?

उत्तर मला देता आलं नाही, म्हणून मी एस्टीमचं उजवं दार उघडून त्याच्यात हात घातला.

पॅड काढलेलं दार आतून कधी नीट पाहिलंय का? बाहेरचा पत्रा आणि आतला पत्रा यांच्यामध्ये पोकळी. आतल्या पत्र्याला जागोजाग मोठी भोकं: काच वरखाली करणाऱ्या यंत्रणेसाठी, कुलुपाच्या सळईसाठी, कारखान्यातल्या माणसाचा हात आत जावा म्हणून. ही भोकं प्रेसवर पाडलेली असतात. प्रेसमधून निघालेल्या कडेला एका बाजूनं ‘बर’ राहते, ती बोटाला लागली की कळते. हे मी सांगतोय, कारण माझा रोजचा माल हाच. माझ्या शेडमध्ये बर न काढता एक नग बाहेर गेला तर गिऱ्हाईक पूर्ण लॉट परत पाठवतं. मोटार कारखान्याला मात्र ती बर काढायची गरज नसते, कारण वर पॅड येणार असतं. पॅड ही त्या दाराच्या रचनेतली शेवटची पायरी होती आणि मी ती अर्ध्यात तोडून त्याला ‘रेस स्पेक’ म्हणत होतो.

आता त्या दाराशेजारी माणूस बसवा. उजव्या हाताचं कोपर दारापासून चार बोटांवर. अंगात अग्निरोधक कापडाचा सूट, वर बेल्टच्या पट्ट्या. धडक बाजूला ठेवा. नुसतं गाडीत चढताना-उतरताना, केजच्या आडव्या पाइपावरून पाय टाकताना सूटची बाही त्या भोकाच्या कडेत अडकते. बेल्टची मोकळी टोकं ब्रेक मारताना, वळताना फडफडत त्याच कडेवर घासतात. पॉलिएस्टरचा पट्टा दोन टनांचा ओढा सहन करेल, पण धारेवरचं रोजचं घासणं त्याला सोसत नाही. आणि धडक झालीच तर दार आत येतं. तेव्हा कोपर कशावर आपटणार, सपाट पत्र्यावर की कुलुपाच्या सळईवर, एवढाच त्या अर्ध्या मिलिमीटरचा प्रश्न आहे.

वरच्या दर्जाच्या गाड्यांत तर दाराची पोकळी रिकामी ठेवतच नाहीत. २००५ मध्ये वेल्स रॅलीत प्यूजो ३०७ झाडावर बाजूनं आदळली आणि सहचालक मायकल पार्क गेला. त्यानंतर जागतिक रॅलीच्या गाड्यांत बाजूच्या धडकेकडे लक्ष वाढलं, आणि दार व सीट यांच्यामध्ये ऊर्जा शोषणारा फोम भरणं रुळलं. तो फोम जागेवर राहायलाही आतून पॅनेल लागतंच. हे फोटो मी अनेकदा पाहिले होते. तिथे दाराच्या आत गुळगुळीत कार्बनचं कवच दिसायचं, आणि मी मनात म्हणायचो, त्यांच्याकडे पैसा आहे, करतात चैन.

पण माझ्या जुन्या मतात एक मुद्दा खरा होता आणि तो आजही खरा आहे, तेव्हा तो सांगूनच पुढे जातो. उघड्या गाडीत सगळं दिसतं. वेल्डजवळची तडा गेलेली जागा, ब्रेकच्या नळीचा पाझर, सैल झालेला बोल्ट, सगळं समोर. म्हणूनच रेसगाडीचा आतला भाग पांढरा किंवा फिका राखाडी रंगवतात. तेलाचा एक ठिपकाही लपत नाही. पत्रा मारला की हे झाकलं जातं. आमचे पत्रेकाम करणारे मिस्त्री, वय साठीच्या पुढे, उमेदवारीत एसीच्या डक्टपासून एसटीच्या बॉडीपर्यंत सगळं केलेले, त्यांनीही हीच शंका काढली. “सायेब, झाकण बसलं की माणूस मागचं इसरतंय. काढायला सोपं असंल तरच लावा, न्हाईतर ऱ्हाऊ द्या.”

माझं मत खऱ्या अर्थानं फिरलं ते या वाक्यापाशी. तोवर माझ्या डोक्यात आतला पत्रा म्हणजे रिव्हेटनं कायमचा ठोकलेला पत्रा होता. काढता येणारा पत्रा ही वेगळी वस्तू आहे. त्यासाठी बॉडीत रिव्हनट बसवतात, म्हणजे आत आटे असलेला पोकळ रिव्हेट. पातळ पत्र्यात जिथे मागून नट धरायला हात जात नाही तिथे तो एका बाजूनंच बसतो. १९३० च्या दशकात गुडरिच कंपनीनं विमानाच्या पंखांवर बर्फ काढणारं रबर बसवण्यासाठी तो काढला होता; आता उद्यमनगरात पुडीनं मिळतो. पाव फेऱ्यात उघडणारे झस फास्टनर मिळाले तर उत्तमच, पण ते महाग पडतात. आम्ही पाच मिलिमीटरचे ॲलन बोल्ट वापरले, सगळे एकाच मापाचे, म्हणजे एक ॲलन की खिशात असली की पूर्ण गाडी आतून उघडते.

आणि एक गोष्ट तर मला अजिबात अपेक्षित नव्हती. पॅनेल बसवायचं ठरलं की त्याच्या मागचं काम आधी नीट करावं लागतं. उघड्या गाडीत वायर कुठूनही जाऊ शकते आणि म्हणून ती कुठूनही जाते. ‘नंतर बघू’ म्हणून सोडलेले जोड वर्षभर तसेच लोंबतात. सगळं दिसतं खरं, पण रोज दिसतं ते हळूहळू दिसेनासं होतं. पॅनेलचा पुठ्ठा धरून बसलात की विचारावं लागतं: ही वायर इथून का? हिला ग्रोमेट का नाही? ब्रेकची नळी बोल्टच्या इतक्या जवळ कशी? आमच्या एस्टीमचं निम्मं वायरिंग पॅनेल कापण्याआधी परत करावं लागलं, आणि ते करताना चिकटपट्टी गुंडाळलेले जे जोड सापडले त्यातले काही माझ्या हातचे होते.

चालकाच्या दाराचं पॅनेल कसं झालं ते सांगतो, कारण मला स्वतःला ते बघण्यातच सगळं समजलं. मिस्त्रींनी आधी फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला. दारावर धरून, केजचा पाइप जिथे जवळ येतो तिथे पेन्सिलीनं खुणा करत, कात्रीनं कापत, परत धरत. पुठ्ठा तंतोतंत बसेपर्यंत पत्र्याला हात लावला नाही. पत्रा एक मिलिमीटर ॲल्युमिनियमचा, मऊसर जातीचा. मी भारीतला म्हणून ६०६१ टी६ सुचवला होता. त्यांनी मान हलवली: तो कडक असतो, काटकोनात लहान त्रिज्येनं मोडला की घडीवर तडकतो. घडी घालायच्या कामाला ५०५२ किंवा साधा ३००३ बरा. पत्रा कापून झाल्यावर सपाट धरून त्यांनी बोटानं मधोमध दाबला. तो ‘टक्’ करून आत गेला आणि ‘टक्’ करून बाहेर आला. इंजिन सुरू झाल्यावर हे दिवसभर वाजत राहणार. मग त्यांनी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अगदी हलकी तिरकी फुली मोडली, एसीच्या मोठ्या डक्टवर दिसते तशी. डोळ्यांना जेमतेम कळेल इतकीच. पत्रा गप्प झाला.

मग कडा. तीन बाजू आतल्या अंगाला दुमडून घेतल्या, चौथीला घडी शक्य नव्हती म्हणून ती कानशीनं घासली, आधी जाड, मग बारीक. मला वाटलं झालं. त्यांनी डब्यातून कॉटन वेस्टचा बोळा घेतला आणि कडेवरून हलकेच ओढत नेला. एका जागी एकच धागा अडकून राहिला. तिथे खूण केली, परत कानस, परत बोळा. धागा अडकायचा पूर्ण थांबेपर्यंत हे चाललं. माझ्या शेडमध्ये बर तपासायला गेज आहेत, भिंग आहे, तपासणीचा तक्ता आहे; हा बोळा त्या सगळ्यांपेक्षा जलद होता आणि आता तो आमच्या लाइनवरही आलाय. शेवटी पत्रा आणि बॉडी यांच्यामध्ये फोमची टेप. एक तर खडखड थांबते, दुसरं म्हणजे ॲल्युमिनियम आणि लोखंड ओलाव्यात एकमेकांना टेकले की गंज धरतो, आणि कोल्हापुरात जून ते सप्टेंबर ओलावा कशाला म्हणतात हे सांगायला नको.

वजनाचं काय? एक मिलिमीटर ॲल्युमिनियमचं वजन चौरस मीटरला २.७ किलो. आमची सगळी पॅनेलं, चार दारं, टनेल, डॅश, मिळून तीन चौरस मीटरच्या आसपास. म्हणजे आठेक किलो. अकरा लिटर पेट्रोलाइतकं. हा हिशेब पाच मिनिटांचा आहे आणि मला रोज येतो. तो मी या जागी कधी मांडला नव्हता. ‘पत्रा जड’ एवढंच म्हणत राहिलो.

सगळ्या पॅनेलना एकच नियम लावून चालत नाही, हेही मग उमगत गेलं. भाच्याला सगळं आतून काळं हवं होतं. डॅशला ते ठीक. तिथे मॅट काळाच हवा, नाहीतर दुपारच्या उन्हात डॅशचं प्रतिबिंब पुढच्या काचेत पडतं आणि वळणाची आतली कड दिसत नाही. पण डाव्या पायाजवळच्या टनेलवर तसं नाही. त्याच्या खालून सायलेन्सरचा पाइप जातो. डांबरी पट्टे आणि गालिचा काढलेला, त्यामुळे फरशी चांगलीच तापते. तिथे आम्ही फरशीपासून दहा-बारा मिलिमीटर वर, छोट्या बुशांवर दुसरा पत्रा उचलून बसवला, मधून हवा खेळती. तो न रंगवता चकचकीतच ठेवायचा. उजळ ॲल्युमिनियम समोरून येणाऱ्या उष्णतेच्या किरणांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त परत फेकतं. त्यावर रंगाचा थर दिला, काळा असो की पांढरा, तर ते बहुतेक सगळी उष्णता शोषून घेतं आणि मग पायाकडे सोडत बसतं. भाच्यानं स्प्रेचा डबा हलवायला सुरुवात केली होती. तो काढून घेतला.

सगळ्यात महत्त्वाचा पत्रा मात्र कुणाला दिसतही नाही. मागची सीट काढली की केबिन आणि डिकी एक होते, आणि पेट्रोलची टाकी, तिच्या नळ्या हे सगळं त्याच बाजूला. तिथे चालक आणि इंधन यांच्यामध्ये ज्वाळा आणि द्रव दोन्ही अडवणारी भिंत लागते. हे मी आधीही करायला लावायचो. एवढं तरी शहाणपण होतं. पण तेही ॲल्युमिनियमचं चालेल म्हणायचो. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि पेट्रोलची आग त्याच्या पुढे सहज जाते. आता तिथे बावीस गेजचा लोखंडी पत्रा, कडा सीलंटनं बंद, प्रत्येक वायरीच्या भोकाला ग्रोमेट. गाडीतून बाहेर पडायला जे काही सेकंद मिळतात ते या भिंतीमुळे.

या ओघात फुकटच्या मालाबद्दल. भाच्याचा एक मित्र दुकानांचे बोर्ड बनवतो. त्याच्याकडे एसीपीचे तुकडे पडलेले असतात, आणि ते त्यानं मोठ्या मनानं देऊ केले. दिसायला झकास, हलका, मागून खाच पाडली की हातानं घडी पडते, रंग आधीच चढवलेला. कमी पैशातल्या गाडीला याहून चांगलं काय, असं कुणालाही वाटेल. पण ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पापुद्र्यांमध्ये जो गाभा असतो तो स्वस्त शीटमध्ये पॉलिथिलीनचा असतो. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला जून २०१७ मध्ये आग लागली, ७२ माणसं गेली. इमारतीच्या बाहेरून जे आवरण चढवलं होतं त्यात अशाच गाभ्याची पॅनेलं होती. नियमात ‘न जळणारं’ हा शब्द उगाच नाही. मित्राला वाईट वाटलं. त्याच्याकडून आम्ही नंबरांची स्टिकरं करून घेतली.

आता जे सांगायला खरं तर जड जातं ते. मी उघड्या गाडीची बाजू इतकी वर्षं लावून धरली ती निव्वळ वजनासाठी किंवा पैशासाठी नव्हती. माझ्या आधीच्या गाडीला मी आतून पांढरा पीयू रंग मारून घेतला होता, बूथमध्ये, दोन हात. त्याचं बिल एस्टीमच्या सगळ्या पॅनेलच्या खर्चाच्या दुपटीहून जास्त होतं. तेव्हा मला तो खर्च वाटला नाही. कुणी शेडवर आलं की मी दार उघडून दाखवायचो. पांढऱ्या पत्र्यावर केजचे पाइप, एक सीट, बाकी काही नाही. “नाद खुळा!” असं कुणी म्हटलं की दिवस सार्थकी लागायचा. उघडेपणाचीही एक नटवेगिरी असते. मी ती मन लावून केली आणि दुसऱ्यांच्या पॅनेलना नटवेगिरी म्हणत राहिलो. त्या उघडेपणात आपण खरेखुरे रेसवाले, बाकीचे हौशे, असा एक रुबाब होता. ज्या पोरांना मी दारं उघडी ठेवायला लावलं त्यांनाही पैसे वाचण्यापेक्षा तो रुबाबच जास्त भावला असणार.

त्यातल्या जमेल तेवढ्यांना मी फोन केले. एकानं गाडी विकली होती. एकजण म्हणाला, काका, आता सीझन संपू दे, मग बघू. एकानं ताबडतोब पत्रा मागवला, पण दारावर लावायच्या आधी त्यावर कार्बन फायबरच्या छापाचं विनाइल चढवायचं म्हणाला. ते मात्र मला अजूनही पटत नाही. छताला अस्तर, सीटमागे रेक्झिन, असलं काही मी आजही करू देणार नाही. डोक्याजवळच्या पाइपांना दाट फोमचं पॅडिंग हवं, बाकी छत उघडं.

एक पॅनेल अजून राहिलंय. डॅशच्या खाली, पेडलच्या वरच्या बाजूला. तिथे फ्यूज आहेत, वायरिंगचा मुख्य जुडगा आहे, आणि तिथून सुटून फरशीवर पडलेला कुठलाही नट-वॉशर ब्रेक मारल्यावर घरंगळत पेडलकडेच जातो. झाकायला हवं, पण शर्यतीच्या मधल्या वेळात फ्यूज बदलायला दोन सेकंदांत उघडायलाही हवं. भाचा म्हणतो, चार बोल्ट पुरे. मिस्त्री म्हणतात, “बोल्ट कुठं काढत बसतंय पोरगं घाईत? बिजागरी लावतो.” मी मिस्त्रींच्या बाजूचा. रविवारी ते पियानो बिजागरी घेऊन येतील. ती लोखंडी आहे की ॲल्युमिनियमची, हे मी विचारलेलं नाही.